बाजूचा डबा

नखाते सरांकडे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते.
एकावर चिठ्ठी: तुलनेला.
दुसऱ्यावर: बाजूला.
मे महिना, बजाजनगर, कूलरची फडफड,
वाळ्याच्या ताटीतून येणारी थोडी ओल,
आणि टेबलावर बास्क भाषेची साडेसातशे कार्डं
निळ्या शाईने उतरवलेली,
मी, जी नागपूरबाहेर फार तर इटारसीपर्यंत गेलेली.

ही भाषा एकटी आहे, सर सांगत,
जगात तिला सख्खं कुणी नाही.
म्हणूनच. निपुत्रिक बाईच्या दारात
तेराव्याच्या आधीच भाचे उगवावेत
तसे लोक येतात, कुणी मामी म्हणत, कुणी मावशी,
मुठीत चार सारखे दिसणारे शब्द.
आपण सातबारा बघायचा.

"सेसेन म्हणजे बैल. लाडात आला की शेशेन.
गोसो म्हणजे गोड. आणखी जवळ घेतलं तर गोशो.
हा स चा श नियमाने झाला नाही, मॅडम.
समोर काहीतरी इवलं होतं म्हणून झाला.
इवल्या वस्तूसमोर सगळीच तोंडं इवली होतात,
त्यावरून नातं ठरत नाही.
लाड पुसा, खाली काय निघतं ते बघा,
आणि मग तुलना."

मी पुसत गेले.
बाजूचा डबा आधी भरला.

सकुर म्हणजे कुत्रा.
चकुर (चमच्यातला च नाही, चहातला)
म्हणजे कधीकाळी त्याचं पिल्लू.
पण अर्ध्या मुलखात पिल्लू मोठं झालं
आणि नाव तेच राहिलं.
सकुर आता म्हणतात अंगावर येणाऱ्या दांडग्याला.
आमच्या महालातल्या काकांचं असंच:
रेशनकार्डावर विश्वंभर, गल्लीत सत्तरीतही छोटू,
आणि फोनवर कुणी "विश्वंभर आहेत का" विचारलं
की काकू म्हणायची, काय केलं त्यांनी?

एकदा अर्धा तास आधी पोचले.
फाटक उघडं. सर पोर्चमध्ये उकिडवे,
समोर भुऱ्या, गल्लीतलाच, एक कान फाटलेला.
"कां ले भुल्या, पोट भल्लं का ले, शोन्या?"
र गेलेला. स गेलेला.
चाळीस वर्षांचे ध्वनिनियम
फरशीवर पाय वर करून लोळत होते.
मी पाऊल न वाजवता परत फिरले,
चौकात उसाचा रस घेतला, बर्फ जास्त,
आणि बरोब्बर साडेचारला
सायकलची घंटी दोनदा वाजवून आत शिरले.
सर म्हणाले, "वेळेवर आलात. बसा."

माझी आई काटोलकडची.
तिचा डोळा डोया असतो, केळी केयी,
काळा कायाच, आणि त्यात लाडबिड काही नाही,
तो तिकडचा कायदा आहे, कुणालाही लागू,
कलेक्टरच्या डोळ्यालासुद्धा.
पण मला ती बाय म्हणते.
बाळचं बाय, कायद्याने?
की मी बोबडी होते तेव्हा मीच स्वतःला म्हटलेलं,
आणि तिने ते ठेवून घेतलं?
की नुसतंच बाई, जसं ती भाजीवालीलाही म्हणते?

कार्ड केलं. ते मात्र बास्क नव्हतं.
सरांपुढे सरकवलं.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला,
कूलरकडे बघितलं.
"पाणी संपलं वाटतं," म्हणाले,
आणि स्वतःच बादली घेऊन उठले,
जे ते कधी करत नसत.

आता डबे माझ्याकडे आहेत.
भुऱ्या सरांच्या आधीच गेला.
ते कार्ड दोन्ही डब्यांत नाही,
विजेच्या बिलांच्या टाचणीत आहे, मार्च आणि एप्रिलच्या मधे.
रोज साडेआठला फोन येतो,
"काहून व बाय, जेवली नाई का अजून?"
मी साठीची. मी म्हणते, जेवते ना.
बाय कसं उच्चारलं, ते ऐकायला
कूलर बंद करते.